आधी यंत्र, मग चाल: जुन्या गेमचं मिडी संगीत घरच्या घरी

ऐरोलीतल्या एका मित्रासाठी मी गेमची पहिली चाल केली, तेव्हा ती मिडी फाइल म्हणून पाठवून दिली. माझ्याकडे सुरुवातीला धुक्यासारखा एक मऊ, चमचमणारा आवाज होता. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, "अगं, हा सुरुवातीला डबल बास कशाला घातलायस?" मी तर डबल बास घातलाच नव्हता. मी रोलंड कंपनीच्या एमटी-३२ या जुन्या ध्वनियंत्राच्या यादीतला ३३ नंबरचा आवाज निवडला होता. तिथे ३३ म्हणजे 'फँटसी'. त्याच्या संगणकावर जनरल मिडी या नंतर ठरलेल्या मानकाची यादी होती आणि त्या यादीत ३३ म्हणजे अकूस्टिक बास. दोघांची फाइल एकच, पण वाजणारं यंत्र वेगळं.

नव्याने सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली ठेच इथेच लागते, म्हणून तिथूनच सुरू करते.

मिडी म्हणजे आवाज नव्हे. १९८३ साली आलेली ही पद्धत म्हणजे यंत्रांना कळणारी स्वरलिपी. भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश पेटीवाल्यापुढे ठेवली तर पेटी वाजते, सनईवाल्यापुढे ठेवली तर सनई. कागदात ना पेटी आहे ना सनई. मिडीतही तेवढंच असतं: कोणत्या चॅनेलवर, कोणत्या नंबरचं वाद्य, कोणती पट्टी, किती जोराने दाबली आणि कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक, जोरालाही ० ते १२७, आणि चॅनेल १६. म्हणूनच पाच मिनिटांचं अख्खं गाणं काही किलोबाइटमध्ये मावतं, आणि फ्लॉपीवर गेम विकण्याच्या काळात हे वरदान होतं.

तेव्हा "जुन्या गेमसारखा आवाज" हवा असेल, तर पहिला प्रश्न चालीचा नाही. कोणत्या यंत्रासारखा, हा आहे. हे न ठरवता बसलात की चार यंत्रांचे आवाज एकत्र होतात आणि कानाला काहीतरी जुनाट लागतं, पण ओळखीचं लागत नाही.

तीन घराणी

पीसीवरच्या गेमपुरतं बोलायचं तर मी तीन घराणी मानते.

पहिलं एफएमचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनचं. १९८७चं अ‍ॅडलिब कार्ड आणि १९८९चं साउंड ब्लास्टर, दोन्हींत यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. तिला ओपीएल२ म्हणतात. यात कुठल्याही वाद्याचं रेकॉर्डिंग नाही, सगळा आवाज गणिताने घडतो. नव्वदच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासला जाणाऱ्या आमच्या पिढीच्या कानात बसलेला तो किंचित घोगरा, धातूसारखा आवाज याच घराण्याचा. शनिवारी शेवटची दहा मिनिटं सर गेम लावू द्यायचे, आणि स्पीकर जोडलेल्या एकुलत्या एका मशीनभोवती आम्ही सगळे उभे असायचो.

दुसरं रोलंड एमटी-३२चं, तेही १९८७चंच. यात युक्ती अशी की आवाजाची सुरुवात, म्हणजे तार छेडल्याचा किंवा फुंकरीचा पहिला क्षण, खऱ्या रेकॉर्डिंगचा, आणि पुढचा लांबणारा भाग सिंथेसायझरने घडवलेला. आपला कान वाद्य ओळखतो ते बहुतेक पहिल्या क्षणावरून, म्हणून एवढ्याशा मेमरीत हे साधलं. सिएरा कंपनीचा १९८८चा 'किंग्ज क्वेस्ट ४' या यंत्रासाठी संगीत घेऊन आलेल्या सुरुवातीच्या गेमपैकी आहे.

तिसरं साउंड कॅनव्हासचं. या मालिकेतलं रोलंड एससी-५५ आलं १९९१ साली, आणि त्याच वर्षी जनरल मिडी हे मानकही ठरलं: १२८ वाद्यांचा ठरलेला क्रम, दहाव्या चॅनेलवर तालवाद्यं, एका वेळी किमान २४ आवाज. 'डूम' या गेमचं १९९३चं संगीत बॉबी प्रिन्स यांनी याच यंत्रावर बांधलं. आजही विंडोजमध्ये मिडी फाइलवर डबलक्लिक केलं की ऐकू येतो तो संच रोलंडकडूनच घेतलेला आहे.

नवख्याने एफएमपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. साउंड कॅनव्हास सोपं वाटतं, कारण वाद्यं तयार मिळतात. पण हाताशी १२८ वाद्यं असली की माणूस वाद्यं बदलत बसतो आणि चाल मागे पडते. एफएममध्ये आवाजही तुम्हीच घडवता आणि जागाही मोजूनमापून वापरता. तिथे जे शिकाल ते पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

काय लागेल

साधा लॅपटॉप आणि वायरचा हेडफोन. ब्लूटूथ नको, कारण पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि लय हुकते. मिडी कीबोर्ड असला तर छान, नसला तरी संगणकाच्या कीबोर्डवर भागतं.

सॉफ्टवेअर म्हणून एलएमएमएस उतरवून घ्या. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि आपल्याला हव्या त्या दोन गोष्टी त्यात आधीपासूनच आहेत: ओपीएल२ची नक्कल करणारं 'ओप्युलेन्झ' आणि साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्डिंगचा संच, वाजवणारं 'एसएफ२ प्लेअर'. तिसऱ्या घराण्यासाठी जनरलयूझर जीएस नावाचा साउंडफाँट मोफत मिळतो, तोही घेऊन ठेवा.

दोन लहरींतून एक आवाज

एफएमची कल्पना जॉन चाउनिंग यांना १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये सुचली. पुढे यामाहाने तिचे हक्क घेतले आणि १९८३चा प्रसिद्ध डीएक्स७ सिंथेसायझर त्यातून आला. त्यात प्रत्येक स्वराला सहा ऑपरेटर, म्हणजे लहर तयार करणारे घटक, होते, आपल्या चिपमध्ये फक्त दोन आहेत. एक कॅरिअर, जो आपल्याला ऐकू येतो. दुसरा मॉड्युलेटर, जो स्वतः ऐकू येत नाही, फक्त पहिल्याला हलवतो. गवई स्वराला आंदोलन देतो तेव्हा स्वर हळू डोलतो आणि आपल्याला डोलणं ऐकू येतं. तेच डोलणं सेकंदाला शेकडो वेळा झालं तर कानाला डोलणं कळत नाही, स्वराचा रंगच बदललेला ऐकू येतो. एफएमचं मर्म एवढंच आहे.

ओप्युलेन्झ उघडा आणि एक बास घडवून पाहा. दोन्ही ऑपरेटरचा मल्टिप्लायर, म्हणजे लहर मूळ स्वराच्या किती पट वेगाने चालते ते, १ ठेवा. दोन्हींचा अ‍ॅटॅक सगळ्यात जलद करा, म्हणजे आवाज पट्टीबरोबर लगेच उठेल. मॉड्युलेटरचा डिके, म्हणजे उठलेला जोर ओसरण्याचा वेग, मध्यम ठेवा. याचा परिणाम ऐकण्यासारखा असतो: स्वर उठताना खरखरीत, धारदार येतो आणि लगेच मऊ होत जातो, तार ओढून सोडल्यासारखा. आता फीडबॅक, म्हणजे मॉड्युलेटरची लहर त्याच्यातच परत घालणारी खुंटी, हळूहळू चढवा. चिपमध्ये तो ० ते ७ असतो. चार-पाचच्या पुढे गुरगुर सुरू होते, सातला तर स्वर फाटतो. शेवटी मॉड्युलेटरची लेव्हल हलवा. ती वाढली की आवाज उजळतो, कमी केली की पेटीच्या खर्जासारखा गोल होतो. ही एक खुंटी दहा मिनिटं नुसती फिरवत बसा, बाकी काही करू नका. माझा तरी कान तिथेच तयार झाला.

मग घंटेचा आवाज करा. कॅरिअरचा मल्टिप्लायर २, मॉड्युलेटरचा ७. गुणोत्तर साडेतीन झालं, पूर्णांक राहिलं नाही, म्हणून आवाजात देवळातल्या घंटेसारखी बेसूर झाक येते. कॅरिअरचा सस्टेन, म्हणजे पट्टी दाबलेली असताना टिकणारा जोर, शून्य करा आणि डिके लांब ठेवा, म्हणजे टोल पडून विरत जाईल. पहाटे ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठाने चालताना कौपिनेश्वराच्या देवळाची घंटा ऐकू येते, तिच्यातही मुख्य स्वराच्या वर एक न जुळणारा स्वर लांबत असतो. तो कान देऊन ऐका आणि घरी येऊन मॉड्युलेटरची लेव्हल त्या हिशेबाने लावा.

चिपमध्ये लहरींचे चार आकार आहेत: पूर्ण साइन, अर्धी साइन आणि तिचे आणखी दोन प्रकार. मुख्य सुरावटीसाठी कॅरिअरला अर्धी साइन लावली की नाकातून गायल्यासारखा एक आवाज येतो. त्या काळच्या गेममध्ये तो सारखा भेटतो.

नऊ आवाजांचा संसार

ओपीएल२वर एका वेळी नऊच स्वर वाजतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा इथला पहिला नियम. संगणकावरची नक्कल तुम्हाला अडवणार नाही. एलएमएमएसमध्ये ओप्युलेन्झचे पाच ट्रॅक घेतलेत तर प्रत्येकाला स्वतंत्र नऊ स्वर मिळतात आणि एकूण पंचेचाळीस होतात. म्हणून हिशेब स्वतःच ठेवायचा. मी वहीच्या पानावर नऊ चौकोन काढते आणि चालीतल्या सगळ्यात गर्दीच्या मात्रेला कोण कुठे आहे ते लिहिते.

माझी नेहमीची वाटणी अशी: बासला एक, मुख्य सुरावटीला एक, तिच्या प्रतिध्वनीला एक, साथीच्या स्वरसंगतीला तीन, उत्तर देणाऱ्या लहान सुरावटीला एक, तालाला दोन. झाले नऊ.

यातला प्रतिध्वनी महत्त्वाचा आहे. त्या चिपमध्ये रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखं घुमणं, नाही, आवाज कोरडा ठणठणीत येतो. म्हणून तेव्हाचे लोक तीच सुरावट दुसऱ्या चॅनेलवर, हळू आवाजात, थोड्या उशिराने वाजवत. तुम्हीही ट्रॅकची प्रत काढा, आवाज निम्म्याच्या खाली आणा आणि पाऊण मात्रा पुढे सरकवा. मूळ चालीपेक्षा पाच-सहा सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) बेसूर ठेवलंत तर आणखी छान, दोन्ही मिळून भरल्यासारखं वाटतं. नवीन रिव्हर्बचा प्लगइन मात्र लावू नका. तो लावला की त्या काळचा आवाज संपला. पॅनिंग, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या कानांत वाटणं, तेही नको, कारण ओपीएल२ एका कानाचं, म्हणजे मोनो आहे. पुढच्या ओपीएल३मध्ये डावा, उजवा आणि मध्य एवढेच पर्याय आले.

स्वरसंगतीला तीन आवाज देणं जड जात असेल तर एकाच आवाजात तिन्ही स्वर भरभर एकामागून एक वाजवा, सोळाव्या भागाच्या किंवा त्याहूनही जलद लयीत. कान ते जोडून घेतो, आणि दोन चौकोन मोकळे होतात.

सरावाला भूप घ्या. सा पांढरी एकचा धरला तर सा रे ग प ध म्हणजे पांढरी एक, दोन, तीन, पाच, सहा, आणि मिडीचे क्रमांक ६०, ६२, ६४, ६७, ६९. पाचच स्वर असल्याने प्रतिध्वनी मूळ सुरावटीवर कुठेही पडला तरी खटकत नाही. गेमच्या पहिल्या पातळीला अशी मोकळी, प्रसन्न चाल शोभते. खाली केरव्याचा आठ मात्रांचा ठेका धरा, बास फक्त सा आणि प वर ठेवा.

साउंड कॅनव्हासकडे वळताना

एसएफ२ प्लेअरमध्ये साउंडफाँट उघडला की एक गोष्ट लक्षात ठेवा: जनरल मिडीची छापील यादी १ पासून मोजते, हा प्लेअर ० पासून. यादीतलं ४९ नंबरचं तंतुवाद्यवृंद इथे ४८ वर सापडेल. तालवाद्यं हवी असतील तर बँक १२८ निवडा. त्यात ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हायहॅट. तबला नाही, हे वाईट वाटतं खरं, पण ६० ते ६४ या पट्ट्यांवर बोंगो आणि कोंगा आहेत. त्यांतून केरवा बऱ्यापैकी उभा राहतो: ना साठी ६०, धा साठी ६४ आणि ६० एकत्र.

आपल्यासाठी या यादीत दोन खास जागा आहेत: १०५ वर सतार आणि ११२ वर 'शनाई', म्हणजे आपली सनई. नुसत्या पट्ट्या दाबल्या तर दोन्ही निर्जीव वाटतात, कारण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. ती पिच बेंडने, म्हणजे स्वर वाकवणाऱ्या संदेशाने आणायची. त्याचा पल्ला मुळात वर-खाली दोनच पट्ट्यांचा असतो. 'ग'वरून 'प'वर मींड घ्यायची तर तीन पट्ट्या लागतात, तेव्हा ट्रॅकच्या सेटिंगमध्ये पल्ला वाढवून घ्या. मग वळण एका सरळ रेषेत काढू नका. खालच्या स्वराला क्षणभर थांबा, मध्ये वेग घ्या, वरच्या स्वराशी पोचताना पुन्हा हळू व्हा. माझे बाबा पेटी वाजवायचे आणि पेटीवर मींड येत नाही ही त्यांची जन्माची खंत होती. त्या छोट्याशा रेषेने सनई पहिल्यांदा वळली, तेव्हा मी ती त्यांना तीन वेळा ऐकवली.

लांब स्वरांना एकसारख्या जोराने ओढू नका. मिडीत कंट्रोलर म्हणजे नंबर दिलेल्या खुंट्या. कंट्रोलर ७ हा ट्रॅकचा एकूण आवाज, तो एकदाच ठरवून सोडून द्या. स्वराच्या आतला चढउतार कंट्रोलर ११ने करा. या दोघांची गल्लत केली की नंतर समतोल साधताना सगळी चाल पुन्हा हलवावी लागते. कंट्रोलर ९१ रिव्हर्बचा, ९३ कोरसचा. साउंड कॅनव्हासवर रिव्हर्ब मुळातच ४० वर असतो, त्याच्या आसपास राहिलात तर आवाज त्या काळाचाच लागेल.

इथेही जागेचं बंधन आहे, एससी-५५ला २४ आवाज. काही वाद्यं दोन थरांची असतात, ती एका पट्टीला दोन आवाज खातात. जागा संपली की जुने स्वर मध्येच तुटतात. फ्लुइडसिंथ हा साउंडफाँट वाजवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याची पॉलिफोनी, म्हणजे एका वेळच्या आवाजांची मर्यादा, मुळात २५६ असते, ती २४ वर आणा आणि ऐका. जिथे स्वर तुटेल तिथे मांडणी दाट झालेली असते.

एमटी-३२बद्दल थोडक्यात

याची नक्कल करणारा मंट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, पण तो चालायला मूळ यंत्राच्या रॉममधला, म्हणजे कायमच्या मेमरीतला, मजकूर लागतो आणि त्याचे हक्क रोलंडचे आहेत. स्वतःचं यंत्र असेल तरच या वाटेने जा. यंत्राची एकूण शक्ती ३२ पार्शल, म्हणजे आवाज जोडायचे ३२ तुकडे. एक वाद्य चारपर्यंत पार्शल वापरतं, तेव्हा भरजरी वाद्यं निवडलीत तर एका वेळी आठच स्वर उरतात. पिच बेंडचा पल्ला इथे दोन पट्ट्यांचा नसून बाराचा आहे. जनरल मिडीसाठी केलेली हळुवार मींड यावर लावलीत तर ती थेट अस्मानात जाते.

जुनं मोड्यूल विकत घ्यायचा मोह झाला, तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. नशीब लागतं. मिळालंच तर घरातला कुठलाही अडॅप्टर त्याला खुपसू नका. रोलंडच्या या यंत्रांना ९ व्होल्टचा आणि आतली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो, आणि आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांची आतली पिन धन असते. सॉकेटशेजारी छापलेली खूण आणि अडॅप्टरवरची खूण जुळली तरच लावा. ठाण्याच्या पावसाळ्यात यंत्र झाकून, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद डब्यात ठेवा. दमट हवेने बटणं आणि खुंट्या आधी खराब होतात.

चाल गेममध्ये बसवणं

गेममधली चाल संपत नाही, फिरत राहते. तबलजी आवर्तन संपवून समेवर येतो, तसं शेवटच्या मात्रेनंतर पहिली मात्रा बिनबोभाट यायला हवी. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल आणि चार मात्रांचे १६ बार असतील, तर चाल बरोबर ३२ सेकंदांची. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १४,११,२०० नमुने. ऑडिओ एडिटरमध्ये फाइल नेमकी इतक्या नमुन्यांवर कापा, नजरेने नको.

रिव्हर्ब असलेल्या चालीत एक अडचण येते. शेवटच्या स्वराची शेपटी कापली जाते आणि दर फेरीला टक्कन खटका ऐकू येतो. उपाय सोपा आहे: चाल सलग दोनदा वाजवून रेकॉर्ड करा आणि दुसरी फेरीच कापून घ्या. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आपोआप मिसळलेली असते.

फाइल ओजीजीमध्ये साठवा. एमपी३ सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतं, आणि तेवढ्याने सम चुकते. जनरल मिडीची फाइलच द्यायची असेल तर पहिल्या बारमध्ये जीएस रीसेटचा, म्हणजे रोलंडच्या यंत्राला मूळ स्थितीत आणणारा, संदेश घाला आणि वाद्यांची निवड त्याच्यानंतर थोडं अंतर सोडून करा, कारण रीसेट झाल्यावर यंत्राला क्षणभर वेळ लागतो. सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून द्या: कोणतं यंत्र, कोणता साउंडफाँट, मोजणी ० पासून की १ पासून. ऐरोलीच्या त्या फोननंतर मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

शेवटची परीक्षा मी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये घेते. ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास, म्हणजे ३२ सेकंदांची चाल छप्पन वेळा होते. फोनवर लावते, इयरफोन घालते आणि खिडकीबाहेर बघत बसते. घणसोलीच्या आत इयरफोन काढावासा वाटला, तर काहीतरी टोचतंय. बहुतेक वेळा तो सगळ्यात वरचा स्वर असतो, दर फेरीला त्याच जागी, त्याच जोराने येणारा. परतीच्या गाडीत वहीत त्या मात्रेवर खूण करते, आणि घरी पोचल्यावर त्याची व्हेलॉसिटी, म्हणजे जोर, १२७ वरून ९० वर आणते.